तुमची तयारी आहे का?

सरकारकडून माझ्या स्वतःच्या नावाने आलेलं पहिलं पत्र फ्लूच्या लशीचं होतं. तोवर दारात पडणारा प्रत्येक लिफाफा ह्यांच्या नावाचा असे. न्यूरॉलॉजीची तारीख, रक्ततपासणी, फिजिओथेरपी, बदललेल्या गोळ्यांची यादी. या पत्रात मात्र लिहिलं होतं की तुम्ही घरातल्या आजारी माणसाची काळजी घेता, तेव्हा वयाची अट न लावता तुम्हाला लस मोफत मिळेल. यात उपकाराची भाषा कुठेच नव्हती. ही बाई आडवी झाली तर तिच्या नवऱ्याला उठवणार कोण, आणि दोघंही आडवे झाले तर खर्च किती, असा तो रोखठोक हिशेब. मला तो आवडला, कारण निदान हिशेबात तरी मला धरलेलं होतं.

आम्ही इंग्लंडमध्ये, मिडलँड्सच्या एका मध्यम शहरात राहतो. ह्यांची इंजिनिअरची नोकरी, माझी एका शाळेच्या ऑफिसात अर्धवेळ, मुलगी शिकून टोरांटोला गेलेली. ह्यांना पार्किन्सन्स, म्हणजे आपला कंपवात, आहे हे कळलं तेव्हा निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. सुरुवातीचा काळ गोळ्यांवर बरा गेला. हात थरथरायचा, सही बारीक होत गेली, पण गाडी चालवणं, बागेत खुडबुड करणं सगळं चालू होतं. मग हळूहळू घराचं घड्याळ आजाराच्या तालावर चालू लागलं.

सकाळी सहाची गोळी अंथरुणातच द्यायची. ती चढायला अर्धा-पाऊण तास लागतो, तोवर अंग आखडलेलं. उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ठीक येतात आणि दारात पाय जमिनीला खिळतात. मागून ढकललं तर तोंडावर पडतील, पुढून ओढलं तरी तेच. फिजिओबाईंनी सांगितल्यावर मी त्या दारात फरशीवर पिवळ्या चिकटपट्ट्या आडव्या लावल्या. "अहो, रेघ ओलांडा," म्हटलं की पाय उचलला जातो. मोकळ्या जागेत अडणारा माणूस रेघ दिसली की बरोबर पलीकडे जातो. पुढे शर्टाची बटणं, दाढी, मोजे. प्रथिनं पोटात असली की गोळी नीट लागू पडत नाही, त्यामुळे आमटी आणि गोळी यांच्यात अंतर ठेवावं लागतं. रात्री त्यांना आपलं आपण कुशीवर वळता येत नाही. "अगं, वळव जरा," अशी हाक रात्रीतून दोन-तीनदा तरी येतेच.

यातल्या कशालाही मी काम समजत नव्हते. नवरा आजारी आहे, बायको करतेय, त्यात नोंद करण्यासारखं काय? ह्यांच्या तपासणीच्या वेळी पार्किन्सन्सच्या नर्सने ह्यांचं सगळं विचारून झाल्यावर खुर्ची माझ्याकडे वळवली आणि झोपेची चौकशी केली. ह्यांच्या नव्हे, माझ्या. पाठीचंही विचारलं, कारण खुर्चीतून उठताना मी कमरेला हात लावलेला तिने पाहिला होता. "डॉक्टरांच्या दवाखान्यात केअरर म्हणून नाव नोंदवा आणि कौन्सिलकडे स्वतःसाठी असेसमेंट, म्हणजे गरजांची तपासणी, मागा," असं तिने सांगितलं. दवाखान्यात रिसेप्शनवरच्या मुलीने संगणकावर एक खूण केली. काम तेवढंच. लशीचं पत्र त्या खुणेतून आलं. कौन्सिलची बाई घरी यायला मात्र हिवाळा सरला.

ती आली, चहा घेतला, ह्यांच्याशी क्रिकेटवर दोन शब्द बोलली आणि मग म्हणाली, "आता मला तुमच्या मिसेसशी एकटीशी बोलायचंय." ह्यांना ते फारसं रुचलं नाही. आमच्या घरात माझ्याशी एकटीशी बोलायला आलेली ती पहिली सरकारी व्यक्ती असावी. ह्यांना पुढच्या खोलीत टीव्ही लावून दिला, गोळीची वेळ झाली की हाक मारा म्हणून सांगितलं आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो.

तिच्या प्रश्नांची यादी लांब होती. सलग किती तास झोप मिळते? स्वतः वेळेवर जेवता का? घर आवरणं झेपतं का? मैत्रिणींना शेवटचं कधी भेटलात? नोकरी टिकवायची आहे का? करमणूक काय? या प्रश्नाला मला हसू आलं. ती हसली नाही. इथल्या नियमांत काळजी घेणाऱ्याच्या गरजांची जी यादी आहे, तिच्यात पोषण, घर, नातीगोती, नोकरी यांच्या जोडीला करमणूकही लिहिलेली आहे. सोय म्हणून नव्हे, गरज म्हणून. आणि मग तिने तो प्रश्न विचारला: "हे सगळं करायची तुमची तयारी आहे का? आणि पुढेही राहील का?"

झेपतं का, असं विचारलं असतं तर उत्तर तयार होतं. झेपतंय की, करतोच आहोत. पण ते तिचं आधीच विचारून झालं होतं. इंग्लंडच्या 2014 च्या केअर अ‍ॅक्टमध्ये हे दोन प्रश्न वेगळे ठेवलेले आहेत: काळजी घेणं त्या माणसाला जमतं का, आणि ते करायची त्याची इच्छा आहे का. दोन्ही आजच्यापुरते नाहीत, पुढचंही धरून. हा कायदा 2015 च्या एप्रिलपासून लागू झाला आणि त्याने काळजी घेणाऱ्याची तपासणी आजारी माणसाच्या तपासणीच्या बरोबरीने स्थानिक कौन्सिलवर बंधनकारक केली. हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच जाणवलं की लग्नात, बाळंतपणात, सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात, तो देश सोडून या देशात येताना, कधीही, कुणीही मला हे विचारलेलं नव्हतं.

मी जरा वेळ घेतला आणि खरं ते सांगितलं. गोळ्या, जेवण, कपडे, डॉक्टर, कागदपत्रं हे सगळं मी करीन, मनापासून करीन. आंघोळ घालणार नाही. ओल्या फरशीवर ह्यांचा भार सांभाळताना माझी कंबर दोनदा धरली होती आणि एकदा दोघंही पडता पडता वाचलो होतो. पण कारण नुसती कंबर नव्हती. आंघोळीच्या वेळी ह्यांची चिडचिड व्हायची, मी आवाज चढवायचे, आणि त्यानंतरचा सगळा दिवस आंबून जायचा. तिने ते लिहून घेतलं. चेहऱ्यावर ना आश्चर्य, ना कीव. पुढचा प्रश्न विचारला.

त्या तासाभराच्या बोलण्यातून हाती काय आलं? एकरकमी दीडशे पौंड, माझ्या तब्येतीसाठी, कशावर खर्च करायचे ते मी ठरवायचं. मी कौन्सिलच्या तलावाचा पास काढला. बायकांसाठी वेगळी वेळ असते. सांगलीला कृष्णेच्या पाण्यात लहानपणी शिकलेलं पोहणं कमरेला मानवलं. अचानक मला काही झालं तर ह्यांच्याकडे कोण बघेल याची आखणी करून एक कार्ड मिळालं, ते पर्समध्ये असतं. महिन्यातून एकदा केअरर्स सेंटरमध्ये चहा. आणि आंघोळीसाठी सकाळचा माणूस. फक्त हा माणूस ह्यांच्या गरजेत मोडतो, माझ्या नव्हे, म्हणून तिथे ह्यांची मिळकत तपासली गेली. 23,250 पौंडांपेक्षा जास्त शिल्लक असेल तर खर्च तुमचा तुम्ही करायचा, असा इथला दंडक आहे. आमची शिल्लक त्यापेक्षा जास्त निघाली. म्हणजे माणूस सरकारने सुचवला, पैसे आम्ही मोजतो.

ह्यांनी पहिल्यांदा साफ नाही म्हटलं. "परक्या माणसाने माझ्या अंगाला हात लावायचा? तू आहेस की घरात." मी म्हटलं, "अहो, मी आहे म्हणूनच. मला पुढेही असायचंय." दोन दिवस अबोला झाला. पहिल्या सकाळी आलेला मुलगा केरळचा निघाला. त्याने ह्यांना आधी खुर्चीवर बसवलं, पाणी हातावर घेऊन ऊन-गार विचारलं, टॉवेल खांद्यावर टाकून मगच बनियन काढला. मला बाहेरून ऐकू येत होतं: सगळी आंघोळ होईपर्यंत दोघं सचिनच्या शारजाच्या खेळींबद्दल बोलत होते. त्या दिवशी ह्यांनी नाश्ता करताना मला विचारलं, "तुझी कंबर कशी आहे?"

त्या मुलाकडून एक गोष्ट कळली. त्याच्या गावी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरी काळजी घेणाऱ्याला राज्य सरकार महिन्याला 600 रुपये देतं. आश्वासकिरणम् असं त्या योजनेचं नाव. सहाशे रुपयांत काय होतं, हे त्यालाही ठाऊक आहे. पण पैसे रुग्णाच्या नव्हे, काळजी घेणाऱ्याच्या नावे, हे त्याने मुद्दाम सांगितलं.

पैशाचा विषय निघालाच आहे तर इथला हिशेबही मांडते, कारण आपल्याकडे परदेशातल्या सोयींबद्दल फार गोड समज असतात. ह्यांना वयामुळे अटेंडन्स अलाउन्स मिळतो. दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा मदत लागते म्हणून वरच्या दराने, 2025-26 मध्ये आठवड्याला 110.40 पौंड. तो मंजूर झाला की घरात काळजी घेणारं माणूस केअरर्स अलाउन्स मागू शकतं. तो त्याच वर्षी आठवड्याला 83.30 पौंड होता, आणि अट अशी की आठवड्याला निदान 35 तास काळजी घेतलेली हवी. भागून पाहिलं तर तासाला अडीच पौंडसुद्धा पडत नाहीत, आणि त्याच वर्षी इथलं किमान वेतन तासाला 12.21 पौंड. एक गोष्ट मात्र चांगली: तो भत्ता चालू असेपर्यंत माझ्या पेन्शनच्या खात्यात खंड पडत नाही.

खरी मेख कमाईच्या मर्यादेत आहे. 2025-26 मध्ये नियम असा होता की भत्ता घेणाऱ्याने आठवड्याला 196 पौंडांपेक्षा जास्त कमवायचं नाही. 2025 च्या एप्रिलपर्यंत ही मर्यादा 151 होती. ती एका पौंडाने ओलांडली तर एक पौंड कापत नाहीत, त्या आठवड्याचा सगळा भत्ता जातो. परीक्षेच्या दिवसांत शाळेने मला एक जादा दिवस देऊ केला, तेव्हा मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले आणि नको म्हणून कळवलं. काम करायची इच्छा होती, शाळेला गरज होती, नियमाला ते मंजूर नव्हतं. 2024 मध्ये इथल्या वर्तमानपत्रांनी हे प्रकरण बाहेर काढलं. मर्यादा थोडीशी ओलांडलेल्या हजारो लोकांकडून कित्येक महिन्यांचा, कुठे वर्षांचा भत्ता परत मागितला जात होता. काहींवर खटले भरले गेले होते. मग सरकारने लिझ सेस यांच्याकडे स्वतंत्र चौकशी सोपवली. काळजी घेणाऱ्या नोकरदारांसाठी 2024 च्या एप्रिलपासून एक नवा हक्क आला, वर्षातून आठवडाभर रजा. बिनपगारी.

केअरर्स सेंटरमध्ये चहा ओतणारी एक म्हातारी बाई आहे. ऐंशीच्या पुढची, खणखणीत. माझी कुरकुर ऐकून ती म्हणाली, "तुला निदान भत्ता मिळतो तरी. मला बाई म्हणून नाही, लग्न झालेली बाई म्हणून नाकारला होता." मला पटेना. तिने सगळी कथा सांगितली आणि मी घरी येऊन वाचून काढलं, तर ती शब्दन् शब्द खरी निघाली.

या देशात काळजी घेणाऱ्यांची चळवळ सुरू केली मेरी वेबस्टर नावाच्या धर्मोपदेशक बाईंनी. अविवाहित. आईवडिलांसाठी त्यांनी 1954 मध्ये काम सोडलं. 1963 मध्ये वर्तमानपत्रांना पत्र लिहून आपल्यासारख्या एकट्या मुलींची अवस्था मांडली, तर देशभरातून उत्तरांचा पाऊस पडला. 1965 मध्ये संघटना उभी राहिली. त्या रेट्यातून 1976 मध्ये भत्ता सुरू झाला, पण विवाहित स्त्रियांना वगळून. सरकारची भूमिका अशी की लग्न झालेली बाई तशीही घरीच असते, तिचं कसलं उत्पन्न बुडतंय? जॅकलिन ड्रेक या विवाहित बाईंनी आईला सांभाळायला नोकरी सोडली होती. त्यांना भत्ता नाकारला गेला. त्या युरोपियन न्यायालयापर्यंत गेल्या आणि 1986 मध्ये जिंकल्या. निकाल लागायच्या आदल्या दिवशी सरकारने विवाहित स्त्रियांनाही भत्ता देऊ असं जाहीर करून टाकलं होतं.

"तशीही घरीच असते" हे वाक्य मी सांगलीत लहानपणापासून ऐकत आले. ते लंडनच्या मंत्रालयातही चालत होतं, हे वाचून बरं वाटावं की वाईट, कळेना. ते तिथून हटवायला एका बाईला कोर्टात जावं लागलं, एवढं लक्षात ठेवलं.

आमच्या भागातल्या मराठी मंडळात मात्र ते अजून हटलेलं नाही. दिवाळीच्या फराळाला भेटलेल्या प्रत्येकाने "कसे आहेत ते?" असं विचारलं. मला भत्ता मिळतो हे कळल्यावर एक काका म्हणाले, "नवऱ्याचं करायचे पैसे घेतेस?" मी म्हटलं, "काका, हेच काम मी शेजारच्या मिस्टरांचं केलं असतं तर तासाला बारा पौंड मिळाले असते आणि तुम्ही मला कष्टाळू म्हणाला असता." काकूंनी त्यांच्या ताटात अजून एक करंजी वाढली आणि विषय संपवला.

माझी आई सांगलीला, कमरेचं हाड मोडल्यापासून अंथरुणात. तिचं सगळं वहिनी करते. भाऊ दुकानात. मी महिन्याला पैसे पाठवते आणि फोन करते. इथलं सगळं पाहिल्यावर मी वहिनीसाठी काही मिळतं का ते शोधायला बसले. जे सापडलं ते सगळं आईसाठी होतं. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्यांना काठी, कमोड खुर्ची, पट्टा असल्या वस्तूंसाठी एकदा 3,000 रुपये, तेही कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर. ज्येष्ठांसाठी 14567 ही मदतवाहिनी. आणि 2007 चा आईवडिलांच्या चरितार्थाचा कायदा, ज्यात मुलांनी सांभाळलं नाही तर दरमहा रक्कम द्यायचा आदेश होऊ शकतो आणि वाऱ्यावर सोडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद. तो कायदा हवाच. त्याची गरज पडणारे आईबाप मी पाहिलेत. पण जी माणसं सांभाळतात, त्यांच्याबद्दल त्यात काय आहे? कर्तव्य आहे. त्यांच्या झोपेबद्दल, कमरेबद्दल, तयारीबद्दल चकार शब्द नाही.

वहिनीच्या कामाला येईल असं एकच सापडलं: टेली-मानस, 14416, मनावरचा ताण सांगायला चोवीस तास मोफत फोन, मराठीतही. मी तिला नंबर दिला. ती म्हणाली, "ताई, फोनवर बोलू काय? आई शेजारच्या खोलीत ऐकत असतात." मला कौन्सिलच्या बाईचं ते सुरुवातीचं वाक्य त्या दिवशी नीट उमगलं. एकटीशी बोलायचंय, हा शिष्टाचार नव्हता. समोर आजारी माणूस असताना कोण खरं बोलेल?

मग मीच विचारलं. भाऊ घरी नसताना, आई झोपलेली असताना, वहिनीला फोन केला आणि म्हटलं, "आईचं सगळं करायची तुझी तयारी आहे का? नसेल त्यातलं काय नाही?" ती आधी घाबरली. कुणी काही बोललं का, असं तिला वाटलं. "मी नाही म्हटलं तर करणार कोण, ताई?" मी म्हटलं, करणार कोण ते नंतर बघू, आधी सांग तर. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, रविवार. रविवारी तिला माहेरी, मिरजेला जायचं असतं आणि जाता येत नाही. तेवढंच. मी मागे लागून भावाला रविवारचं दुकान दुपारनंतर बंद करायला लावलं आणि सकाळच्या वेळेसाठी एक बाई बघितली. तिचे पैसे मी देते. ही सोय आमच्यापुरती झाली. ज्या वहिनीची नणंद परदेशात नाही, तिचं काय, हा प्रश्न सोडवायला नणंद पुरायची नाही, तिथे सरकारच लागतं.

आणि ते लागताना सगळं इंग्लंडसारखंच हवं असं मी म्हणत नाही. इथला भत्ता तुटपुंजा आहे, कमाईचा नियम आडमुठा आहे, कौन्सिलच्या बाईची वाट पाहण्यात ऋतू जातो. पण म्हाताऱ्या माणसाच्या अर्जाबरोबर काळजी घेणाऱ्याचाही अर्ज असणं, आरोग्य खात्याच्या आशाताईंनी घरी आल्यावर सुनेचाही रक्तदाब मोजणं, आणि तिला आत नेऊन तो एक प्रश्न विचारणं, यासाठी पौंडांची गरज नाही. उत्तर ऐकून पुढे काहीतरी करावं लागेल, ही धास्ती मात्र असणार. इथेही तीच होती. म्हणून तर विवाहित बायकांना दहा वर्षं वगळलं.

माझ्या असेसमेंटची फेरतपासणी पुढच्या महिन्यात आहे. ह्यांच्या रात्रीच्या हाका वाढल्यात. आंघोळीबद्दल बोलले तशी या वेळी रात्रींबद्दल बोलणार आहे. आठवड्यातून दोन रात्री तरी दुसरं कुणी असावं, असं मी कागदावर लिहून ठेवलंय आणि ह्यांना वाचूनही दाखवलंय. ह्यांनी अबोला धरला नाही. म्हणाले, "तो केरळचा मुलगा रात्री येतो का विचार."